पलंगाचं भाडं

आलेल्या रकमेवर नाव मुलाचं होतं आणि बिल वडिलांच्या नावावर. सॉफ्टवेअरने नेहमीप्रमाणे विचारलं, या नावाने येणारे पैसे यापुढे आपोआप याच ग्राहकाच्या खात्यात जमा करायचे का?

तिने नेहमीप्रमाणे ‘नाही’वर बोट ठेवलं आणि फोन उचलला.

‘हो’ म्हटलं असतं तर काम कायमचं मिटलं असतं. मालकीणबाईंचं तसं सांगूनही झालं होतं. आजाऱ्यांसाठी पलंग, चाकाच्या खुर्च्या, कुबड्या भाड्याने देणारं त्यांचं दुकान. महिना उजाडला की बँकेत पैशांची रीघ लागायची, आणि कुठली रक्कम कुणाच्या बिलासमोर लावायची हे बघता बघता तिच्या नाकी नऊ यायचे. तरी या एका नोंदीसाठी ती फोनच करायची.

पहिल्यांदा केला तेव्हा खरंच अडलं होतं. ती नवीनच लागली होती आणि त्या नावाचा ग्राहक यादीत सापडेना. पैसे तात्पुरते उचंत खात्यात टाकून तिने रकमेसोबत आलेल्या नंबरवर फोन लावला.

“पलंगाचं भाडं आहे ते,” पलीकडचा आवाज म्हणाला. “बिल बाबांच्या नावावर आहे, भरतो मी. काही घोळ झाला का?”

“घोळ नाही. पण पावती कुणाच्या नावाने करू?”

“बाबांच्याच करा. माझ्या नावाची पावती घेऊन मी कुठे जाणार?”

ती हसली. तोही हसला. पुढच्या महिन्यापासून तो तिला ‘पावतीबाई’ म्हणायला लागला आणि तिने एकदाही हरकत घेतली नाही.

बोलणं पावतीवरून सुरू व्हायचं आणि भलतीकडेच जायचं. कधी दुकानातल्या भांडकुदळ पंख्यावर, कधी त्याच्या खिडकीत येऊन बसणाऱ्या मांजरावर. मधूनच ती विचारायची, “बाबा कसे आहेत?”

“माझ्यापेक्षा खणखणीत आहेत.”

कुठलंही दुखणं हसण्यावारी न्यायची त्याची ही रीत आता तिच्या ओळखीची झाली होती.

“रात्री झोप तरी लागते का त्यांना?”

“कसली लागतेय. मी नुसती कूस बदलली तरी जागे होतात.”

तिच्या डोळ्यांसमोर ती खोली उभी राहायची. पलंगावर थकलेले वडील, खाली अंथरुणावर तो. असा मुलगा मिळायला नशीब लागतं, असं तिला वाटायचं, आणि मग आणखीही बरंच काही वाटायचं.

ते तिच्या आईच्या नजरेतून सुटलं नाही. “फोनवर बोलायला इस्त्रीचे कपडे कशाला लागतात गं?” आईने एकदा सहज विचारलं.

“कुणी सांगितलं फोनसाठी घातलेत म्हणून?”

“मी कुठे काय म्हणतेय. आजाऱ्याचं मनापासून करणारा माणूस वाईट नसतो, एवढं मला ठाऊक आहे. पण भेटशील की नाही कधी? की जन्मभर पावत्याच पाठवणार?”

तिने धीर करून त्याला विचारलंही होतं. “एकदा दुकानावर या ना. पावती हातात देईन.”

तो म्हणाला, “यायचंय हो मला. फार यायचंय. पण सध्या घर सुटत नाही.”

तिने पुन्हा विषय काढला नाही.

आज मात्र त्याचा आवाज निराळाच लागला.

“पैसे मिळाले,” ती म्हणाली.

“हो. हे शेवटचे. पलंग न्यायला माणसं पाठवा, पावतीबाई. आता गरज नाही राहिली.”

“कधी…?” तिने विचारलं.

“काल. डॉक्टर इथेच होते. बाबांकडे तर बघवत नव्हतं. आणि… तुम्हीही याल का? जमलं तर?”

“येते,” ती म्हणाली.

अशा वेळीही याने आधी भाडं चुकतं केलं, या विचाराने तिला भडभडून आलं. नोंद करताना तिने दोनदा चुकीचं बिल निवडलं. मालकीणबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. “राहू दे, मी करते. अनामतही परत लावते. तू गाडीबरोबर जा. नुसती माणसं पाठवणं बरं दिसणार नाही.”

गाडीत ती मनाशी वाक्यं जुळवत राहिली. ‘त्यांचे हाल संपले’ हे तिला कोरडं वाटलं. ‘तुम्ही काही कमी केलं नाहीत’ हे त्यातल्या त्यात बरं होतं. तेवढंच बोलायचं, असं तिने ठरवलं.

एका बैठ्या घरासमोर गाडी थांबली. तिने ओढणी सारखी केली आणि बेल वाजवली. पलंग उचलायला आलेली दोन माणसं तिच्या मागे उभी राहिली.

दार एका उंचपुऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. बाह्या दुमडलेल्या, खांद्यावर पंचा, डोळे लाल.

“तुम्ही… त्यांचे काका का?” तिने हळूच विचारलं.

“काका कशाला? बाप आहे मी त्याचा,” ते म्हणाले. “आणि तुम्ही पावतीबाई. त्याच्या फोनवर ऐकलाय तुमचा आवाज.”

जुळवलेलं वाक्य आता कामाचं राहिलं नव्हतं. मागची माणसं आत शिरायला पुढे सरकली, तसा म्हाताऱ्यांनी चौकटीवर हात आडवा धरला.

“पलंग नंतर न्या,” ते म्हणाले. “कुणी आत यायचं नाही, अशी ताकीद आहे मला. आधी तो स्वतःच्या पायांनी दारापर्यंत येणार आहे.”