गाभाऱ्यातला पाझर

ऐन दुष्काळात गावच्या महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी पाझरू लागलं. मल्लम्मानं रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या आणि ते तीर्थ सुरू केलं. तिचा मुलगा बसवंत शाळेत विज्ञान शिकवायचा. आईच्या काळजीनं त्यानं देवळामागं कमरेइतका खड्डा खणला आणि गाव गोळा करून खालचा फुटका पाइप दाखवला.

“बघ अव्वा, सरकारी नळाचं पाणी हाय हे! चमत्कार-बिमत्कार काही न्हाई. आता गोळ्या घे!”

सगळं गाव खड्ड्याभोवती वाकलं. गावची नळयोजना चाळीसेक वर्षांमागची, लातूर जिल्हा होण्याच्याही आधीची. आजवर एकाही नळाला थेंब आला नव्हता.

मल्लम्मानं खड्ड्यात उतरून पाइपाला विभूती लावली.

“आन् सरकारी पाइपात पाणी कुणी आणलं रे? तू?”