अर्धा सेकंद

नारायणसांनी बाणाचं बटण दाबलं, पण थरथरत्या बोटामुळे ते तीनदा दाबलं गेलं आणि स्क्रीनवरचा चौकोन तीन घरं सरकला. चाळीस वर्षं पैठणी विणलेला हात त्यांनी मागे घेतला.

"राहू दे, रेवती. या हातात आता नक्षी उरली नाही."

नक्षी काढायचा प्रोग्रॅम लेकीनंच लिहिला होता. वाद न घालता तिनं त्यात दुरुस्ती केली: बटण एकदा दाबलं, की अर्धा सेकंद पुढचे धक्के मोजायचेच नाहीत.

"आता बघा, अण्णा."

चौकोन एकच घर सरकला. मग अण्णा थांबलेच नाहीत. ओठांतल्या ओठांत घरं मोजत त्यांनी मोराची मान अशी वळवली, की रेवती बघतच राहिली.

"हा एक झाला. पदरात नऊ लागतात," म्हणत त्यांनी पुढचा मोर मांडायला घेतला.