सोमवारची तारीख

बंदुकीच्या सायलेन्सरला तो फॉर्म लागतच नाही, हे लायलनं आपल्या मित्राला, एल्डनला, तिसऱ्यांदा सांगितलं. मशीनगन किंवा कापलेल्या नळीची बंदूक दुसऱ्या राज्यात न्यायची असेल, तरच आधी केंद्राची परवानगी काढावी लागते. नेब्रास्कातून वायोमिंगला हरणांच्या शिकारीला निघालेल्या माणसानं सायलेन्सर खुशाल सोबत न्यावा. कोणी विचारत नाही.

"आणि विचारलं तर?" एल्डन म्हणाला.

"तर कागद वाटत बस. तू मेल्यावर स्वर्गाच्या दारातसुद्धा तीन प्रतींत अर्ज देशील."

अशा टोमण्यांचं एल्डन स्ट्रूवला काही वाटत नसे. कौंटीच्या कचेरीत एकतीस वर्षं त्यानं परवान्यांवर शिक्के मारले होते आणि एकाही कागदावर कोणाला बोट ठेवू दिलं नव्हतं. आता निवृत्त झाला होता, पण सवय कुठे निवृत्त होते?

सायलेन्सर लायलचा, म्हणजे कायद्यानं लायलच्या ट्रस्टचा. ट्रस्टमध्ये ज्याचं नाव, त्यालाच तो जवळ बाळगता येतो. म्हणून ऑगस्टमध्ये लायलनं आपणहून एल्डनचं नाव ट्रस्टमध्ये घातलं. एल्डनला भरून आलं. बायको गेल्यापासून त्याला कोणी कशात धरलं नव्हतं.

लायलच्या बायकोला, मर्नाला, बरं वाटत नव्हतं. तेव्हा एल्डननं सामान आणि सायलेन्सर घेऊन सोमवारी पुढे जावं, तंबू ठोकावा, आणि लायलनं आपल्या गाडीनं मागून यावं, असं ठरलं. फॉर्मचं हसू आवरून शेवटी लायलच म्हणाला, "भर बाबा तुझा तो फॉर्म. तुझ्या जिवाला तेवढीच शांतता."

एल्डननं भरला. वस्तू कोणती, कोणाच्या ताब्यात, कुठून कुठे, पाच ऑक्टोबर सोमवारपासून चौदापर्यंत. खाली छापलं होतं की मजकूर खोटा ठरल्यास सही करणारा शिक्षेस पात्र राहील. ते त्यानं दोनदा वाचलं आणि मग सही केली. तीन आठवड्यांनी मंजुरी आली. एक प्रत त्यानं प्लास्टिकच्या पाकिटात घालून गाडीत ठेवली, एक लायलला नेऊन दिली. लायलनं ती हसत हसत फ्रिजच्या दाराला चुंबकानं लावून टाकली.

सोमवारी सकाळी एल्डन गाडी भरून तयार होता, तेवढ्यात लायलचा फोन आला. बंदुकीचा नेम सरकलाय, सायलेन्सर लावूनच तो पुन्हा बसवून घ्यावा लागेल. बुधवारी ये.

"अरे, पण कागदावर सोमवार आहे!"

"मग कोणी विचारलं तर सोमवार सांग. दोन दिवसांनी कोणाचं काय बिघडतंय?"

एल्डनचं बिघडत होतं. नवा अर्ज करावा तर तीन आठवडे जाणार, आणि शिकारीचा हंगाम संपणार. न करावा तर आपण सही केलेला कागद खोटा. सरकार उद्या म्हणेल, सोमवारी वस्तू तुझ्या ताब्यात नव्हती, मग तू शपथेवर लिहिलंस कसं? बंदुका जप्त, वर तुरुंग, आणि एकतीस वर्षांच्या नावाला काळं. भीतीनं त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही.

बुधवारी सकाळी तो लायलकडे पोचला. लायल फाटकापाशीच उभा होता. सायलेन्सर त्यानं लोकरीच्या मोज्यात घालून दिला. एल्डननं बाहेर काढून पाहिला आणि थक्क झाला. आतून बाहेरून तेलपाणी केलेला, लखलखीत! जन्मात कधी बूटसुद्धा न पुसणारा हा माणूस. दरवर्षी मर्ना सिनॅमन रोलचा डबा द्यायची, तो मात्र या वेळी नव्हता. ती बहिणीकडे गेलीय, लायल म्हणाला.

वायोमिंगची पाटी मागे पडली आणि पाच मैलांवर आरशात निळे दिवे चमकले. एल्डननं गाडी कडेला घेतली. वेग त्यानं मर्यादेच्या दोन मैल खालीच ठेवला होता.

पोलीसबाई पन्नाशीच्या होत्या, सावकाश बोलणाऱ्या. त्यांनी त्याचं नाव विचारलं नाही, स्वतःच उच्चारलं. मग विचारलं, गाडीत सायलेन्सर आहे का. एल्डननं लगेच पाकीट पुढे केलं. इतक्या वर्षांत कोणीतरी विचारलं, याचा त्याला भीतीतही थोडा आनंद झाला. लायलला सांगायला हवं!

बाईंनी कागद सावकाश वाचला.

"सोमवारी सकाळपासून हा तुमच्याच ताब्यात आहे?"

एल्डननं कागदावरच्या तारखेकडे पाहिलं. आयुष्यात तो सरकारी माणसाशी कधी खोटं बोलला नव्हता. पण आता खरं बोलावं, तर कागद खोटा पडत होता.

"सोमवारपासूनच," तो म्हणाला. "तसं लिहूनच दिलंय मी."

"मधे कोणाच्या हातात गेला होता? आठवून सांगा."

"कोणाच्याच नाही. एक मिनिटसुद्धा नाही."

"सही तुमचीच?"

"माझीच."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे वहीत उतरवले आणि त्याला वाचून दाखवले. त्यानं मान हलवली. सुटलो, असं त्याला वाटलं, इतकं की त्यानं कागद परत घ्यायला हात पुढे केला.

कागद बाईंनी परत दिला नाही. त्या एक पाऊल मागे सरकल्या.

"हात समोर दिसतील असे ठेवा, मिस्टर स्ट्रूव. लायलनंही आम्हाला हाच कागद दाखवला. मंगळवारी संध्याकाळी मर्नाला तिच्या स्वयंपाकघरात गोळी घातली गेली आणि शेजाऱ्यांना आवाजसुद्धा आला नाही, तेव्हा हा सायलेन्सर त्याच्याकडे नव्हता, तुमच्याकडे होता, असं तो म्हणतोय."