घरट्याबाहेरचे तास

प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांवरच्या कॅमेऱ्याने सात नंबरच्या उंदरिणीला लाल खूण केली. दिवसातले नऊ तास ती घरट्याबाहेर होती.

"निष्काळजी आई," डॉक्टर पिमने पडद्यावर वाचलं. "मालीवानताई, हिची पिल्लं उद्या शेजारणीच्या पिंजऱ्यात देऊन टाका."

अकरा वर्षं पिंजरे धुणारी मालीवान एरवी मान डोलावून कामाला लागायची. आज ती जागची हलली नाही.

"मॅडम, तुमचं यंत्र तास मोजतं. ती परत येते तेव्हा तिच्या तोंडात काय असतं, ते बघतं का?"

"तुम्हीच सांगा, यंत्राच्या सासूबाई!"

"कागदाच्या चिंध्या. पार पलीकडच्या कोपऱ्यातून एकेक ओढून आणते. पिल्लांना ऊब नको?"

पिमने कालचं चित्रण मागे नेऊन पाहिलं. उंदरीण एकदाही रिकाम्या तोंडाने परतली नव्हती. पिमने लाल खूण पुसली.

"राहू देत आईपाशीच."

मालीवानने टेबलाखालची पिशवी उचलली. सोंगक्रानच्या, म्हणजे थाई नववर्षाच्या सुट्टीची, बँकॉकहून तिच्या गावाकडे जाणारी बस सहाला सुटणार होती. पिशवीत आजीपाशी वाढणाऱ्या लेकीचा शाळेचा नवा गणवेश होता, मागच्या सोंगक्रानच्या मापाला अंदाजाने चार बोटं वाढवून घेतलेला.