ऐकणाऱ्याची सही

“इथे सही कर,” म्हणत कोशकाराने बायकोपुढे कार्ड सरकवलं.

ती भाजी निवडत होती. हात पुसून तिने चष्मा लावला.

शब्द होता ‘बाबा’. कार्ड गच्च भरलेलं. तुर्कीत बाप, रशियनमध्ये बाई, जपानीत म्हातारी, स्वाहिलीत पुन्हा बाप. आपल्याकडे बाप, जोगी, आणि लाडाने हाक मारलेलं पोरसुद्धा. मूळ कुठलं, यावर पंडितांची डोकी फुटायची तेवढी बाकी होती. कोशकाराने लिहिलं होतं, ‘तान्ह्या मुलाचे ओठ.’

कोशाच्या कचेरीत त्याला ‘सहीबहाद्दर’ म्हणत. प्रत्येक शब्दाला कुणीतरी खरोखर बोललेलं एक उदाहरण हवं आणि ते ऐकणाऱ्याची सही हवी. सही नाही तर शब्द छापायचा नाही. सख्ख्या भावालाही त्याने कधी सूट दिली नव्हती. हे एक कार्ड मात्र बत्तीस वर्षं खणात पडून होतं, आणि उद्या ‘ब’चा खंड छापायला जाणार होता.

कार्डाच्या तळाशी होतं: उदाहरण – “बाबा.” बोलणारी – मुलगी, वय दहा महिने. ऐकणारी – तिची आई.

लेक तापाने गेली तेव्हा तो कचेरीत होता. धावत दवाखान्यात पोचला, तोवर सगळं संपलं होतं. बायकोनेच सांगितलं, “जाताना ‘बाबा’ म्हणाली हो.” पुन्हा मूल झालं नाही. त्या एका शब्दावर हा माणूस जगला.

बायकोने पेन उचललं आणि खाली ठेवलं.

“खोटी सही चालते का हो तुमच्या कोशात?”

“खोटी कशाला?”

“ती काही बोलली नव्हती. तिला शुद्धच नव्हती. तुम्ही दारात रिकाम्या हातांनी उभे होतात. काय देणार होते मी तुम्हाला?”

कोशकाराने कार्ड पुन्हा आपल्याकडे ओढलं. नियमाप्रमाणे उदाहरण बाद होतं. बायको रडत होती आणि तिची भाजी तशीच पडली होती.

त्याने उदाहरण खोडलं नाही. त्याखालच्या दोन ओळींवर सरळ रेघ मारली आणि सावकाश लिहिलं: बोलणारी – मुलीची आई. ऐकणारा –

इथे पेन अडलं. उभ्या जन्मात या नावाने त्याला दुसऱ्या कुणी हाक मारली नव्हती.

‘बाबा’, त्याने लिहिलं, आणि खाली सही केली.