सातवी टिकली

गुणाजीच्या पायातला पू हटत नव्हता. घाटकोपरच्या इस्पितळात लॅब सांभाळणाऱ्या वनमालाने पुवातले जंतू काचेच्या बशीत वाढवून त्यांवर सहा औषधांत भिजवलेल्या सहा कागदी टिकल्या ठेवल्या. जंतूंनी एकालाही भीक घातली नाही. बुधवारी पाय कापायचं ठरलं. मंगळवारी तिने हट्टाने नव्या बशीत सातवी टिकली ठेवली. “हे जुनंपुराणं औषध आता देतं कोण, वनमालाबाई?” डॉक्टर हसले. “कोणी देत नाही, म्हणजे जंतूंचीही सवय मोडली असेल ना!” ती म्हणाली. बुधवारी सकाळी त्या टिकलीभोवतीचे जंतू मरून चार आण्याएवढं वर्तुळ लख्ख झालं होतं. डॉक्टरांनी पट्टीने दोनदा मोजलं आणि गुणाजीच्या बायकोचा अंगठा असलेला संमतीचा कागद फाडला. “पण औषध मिळणार कुठे?” वनमालाने एप्रनच्या खिशांतून धुळकट पाकिटं काढली. “स्टेशनसमोरच्या दुकानात होती नव्हती तेवढी सोमवारीच उचलली, सर.”