कोमट पाणी

“कोमटच आहे रे!” द्रौपदीमावशी मशीनच्या पुढून ओरडल्या.

मागच्या बाजूला तारांमध्ये डोकं खुपसून बसलेल्या अंबादासने पाना जमिनीवर आपटला. साकीनाक्याच्या त्या लाँड्रीत तो मेकॅनिक होता आणि कालपासून हा तिसरा थर्मोस्टॅट. पाणी हवं तेवढं तापलं की हीटर बंद करायचा, एवढंच त्या चिमुकल्या वस्तूचं काम. तेवढंही तिला जमत नव्हतं. काटा साठवर जायचा, हीटर बंद व्हायचा आणि मावशी म्हणायच्या, कोमट.

काट्यावर विश्वास कोण ठेवणार? मशीन परदेशातून जुनंच आलेलं. मावशींचा सोड्याने कायम लाल असलेला हात मात्र अख्ख्या लाँड्रीत प्रमाण होता. वीस वर्षं त्या पाण्यात हात बुडवून ते किती तापलंय ते सांगत होत्या आणि एकदाही चुकल्या नव्हत्या. अंबादासने तारा बदलल्या, हीटर बदलला. थर्मोस्टॅट कँटीनमधल्या चहाच्या पातेल्यात टाकून पाहिला, तर तिथे तो शहाण्यासारखा अगदी वेळेवर बंद झाला. मशीनमध्ये घातला की पुन्हा तेच रडगाणं. वैतागून अंबादासने मशीनला एक लाथही घातली. त्याचाच पाय दुखला.

सकाळी मॅनेजर नंदकिशोर येऊन गेले होते. हॉस्पिटलच्या चादरींचा ढीग दारापर्यंत आला होता. “संध्याकाळपर्यंत पाणी तापलं नाही, तर उद्यापासून येऊ नकोस,” एवढंच ते बोलले. मिलमधलं काम सुटल्यावर आठ महिने घरी बसून अंबादासला ही नोकरी लागली होती. पुन्हा घरी बसणं त्याला परवडणारं नव्हतं.

“मावशी, नीट बघा ना जरा!” तो मागूनच खेकसला.

“मला शिकवतोस? ये, तूच बघ!”

आता मात्र अंबादासचा पारा चढला. तो तरातरा पुढे आला, बाही वर सारली आणि मावशींच्या हाताशेजारी आपला हात पाण्यात घातला.

दुसऱ्या क्षणाला तो किंचाळून मागे सरकला. “आई गं! मावशी, पाणी कढत आहे! भाजला ना हात!”

“काय नाटकं करतोस रे,” मावशी हसल्या. “कोमट तर आहे.”

त्यांचा हात अजून पाण्यातच होता.